एक जूनची भावकी

नांदेडला लग्नपत्रिका म्हणजे मुलीचं नाव, मुलाचं नाव, तारीख, वेळ आणि कार्यालयाचा पत्ता, असं ज्यांना वाटतं त्यांनी एकदा आमच्या भावकीत लग्न करून पाहावं. एवढा मजकूर पत्रिकेच्या मधल्या चौकोनात मावतो. बाकीची सगळी पत्रिका नावांची असते. निमंत्रक वेगळे, स्वागतोत्सुक वेगळे, व्यवस्थापक वेगळे, विशेष सहकार्य वेगळं, आणि तळाला, ज्यांना अजून धड चालताही येत नाही अशी लेकरं 'आमच्या ताईच्या लग्नाला यायचं हं' म्हणत ओळीनं उभी. यातले व्यवस्थापक कशाचीही व्यवस्था करत नाहीत, आणि विशेष सहकार्यवाले पहिल्या पंगतीला बसून सहकार्य करतात.

नाव आहे की नाही, हा झाला साधा प्रश्न. खरा प्रश्न नाव कुठे आहे हा. माझ्या एका चुलतभावाच्या लग्नात आत्याच्या मालकांचं नाव एक ओळ खाली गेलं. ते लग्नाला आले, पण घास खाल्ला नाही. संध्याकाळपर्यंत कार्यालयाच्या मागे जनरेटरपाशी उभे राहिले, आणि बोलवायला गेलेल्या प्रत्येकाला म्हणाले, "आमी लग्नाला कुठं आलाव? आमी जनरेटर बगायला आलाव."

हा क्रम लावायचं काम मुलीच्या बापाचं, आणि शिव्या खायचंही त्याचंच. माझे पप्पा जिल्हा परिषदेतून निवृत्त झालेले. नोकरीभर त्यांनी शिक्षकांच्या ज्येष्ठता याद्या केल्या, त्यामुळे वरचा माणूस खाली गेला की काय होतं हे त्यांच्याइतकं कोणाला ठाऊक नव्हतं. माझं लग्न ठरलं तेव्हा त्यांना आनंद झाला तो जेमतेम पेढे वाटून होईपर्यंत. मग पत्रिकेची आठवण झाली आणि ते गप्प बसायला लागले. आईने विचारलं तर म्हणाले, "नावं कोन लावनार?"

मी म्हटलं, "मी लावते. म्हणजे मी नाही, माझा प्रोग्राम लावेल."

मी लातूरला एका छोट्या कंपनीत काम करत होते. शिकवणी वर्गांसाठी हजेरीचे, गुणांचे प्रोग्राम लिहायचे. हजारो पोरांची नावं रोज माझ्या हाताखालून जायची, तर भावकी ती काय? शिवाय मशीननं क्रम लावला म्हटल्यावर भांडणार कोणाशी? पप्पांना हे इतकं पटलं की त्यांनी त्या दिवशी दोनदा चहा मागितला.

मला स्वतःला मात्र भावकीतल्या एकाच माणसाची काळजी होती. पप्पांचे थोरले भाऊ, आमचे मोठे बाबा. ते कंधारजवळच्या आमच्या गावी राहतात, शेती करतात. मला नांदेडजवळ विष्णुपुरीच्या इंजिनिअरिंग कॉलेजात जागा मिळाली तेव्हा पप्पांची बदली लांबच्या तालुक्याला होती, आणि पोरीला होस्टेलवर ठेवायचं का, यावर सगळी भावकी बोलली. मोठे बाबा शेवटी बोलले. म्हणाले, "तिला शिकायचंय. तुमाला कामून ताप यायलाय?" विषय संपला. पुढे दर पंधरवड्याला ते एसटीनं यायचे. फडक्यात बांधलेल्या भाकरी, ठेचा, कधी शेंगदाण्याची पोळी. पुरुषांना आत सोडत नसत, म्हणून फाटकाबाहेर उकिडवे बसून राहायचे. माझ्या खोलीतल्या चारही पोरी त्या भाकरीवर इंजिनिअर झाल्या आहेत.

एवढा मऊ माणूस, पण पत्रिकेच्या बाबतीत एकदम कडक. नाव सगळ्यात वर पाहिजे, पहिलं. दर लग्नात आधी निरोप यायचा, "माजं नाव वर घ्या." एकदा मधल्या गर्दीत गेलं तर लग्नात कोणाशी बोलले नाहीत. "मोठ्या बाबांना मान लागतो," असं सगळे म्हणायचे, मीही म्हणायचे. ते माझ्या लग्नात जनरेटरपाशी उभे राहिले तर मला मंडपात उभं राहवणार नाही, हे मी आईला स्पष्ट सांगितलं होतं.

प्रेसवाल्या भाऊंची अट एकच होती. "ताई, मला एक साधी टेक्स्ट फाईल द्या. व्हॉट्सअ‍ॅप नको, वहीचं पान नको, फोटो काढून तर पाठवूच नका. फाईलमधलं जसंच्या तसं कार्डावर जाईल. मी एक अक्षर इकडचं तिकडं करनार न्हाई, आन् नंतर मला कुनी बोलायचं न्हाई." पत्रिकेच्या भांडणात हा माणूस बराच भाजून निघाला असावा.

म्हणजे काम एवढंच: नावं गोळा करायची, जुळवायची, फाईल लिहायची. लातूरच्या ऑफिसात जेवणाच्या सुट्टीत मी बसले. समोरच्या टेबलावर बसायचा तोच माझा होणारा नवरा. लातूरचाच. त्यांच्याकडची पत्रिका त्याच्या आईनं एका दुपारी सांगितली आणि वडिलांनी लिहून टाकली होती, एका पानात. त्यामुळे तो आमच्याकडे सर्कस बघितल्यासारखा बघायचा.

पहिल्यांदा मी एकच लांब स्ट्रिंग घेतली. स्ट्रिंग म्हणजे अक्षरांची सलग दोरी. आलं नाव की जोड शेवटी, आलं की जोड. मी वापरते त्या भाषेत शेवटी एक नाव जोडायचं तर मशीन आधीची सगळी नावं नव्यानं उतरवून काढतं, म्हणजे दर पाहुण्यामागे अख्खी पत्रिका पुन्हा लिहायची. ते मशीनचं मशीन बघेल म्हणून मी सोडून दिलं. पण मग आत्याचा फोन आला, "आमच्या मालकाला जरा वर सरकीव." सलग दोरीत मधे जागा करायची म्हणजे आधी कापा, कुठे कापायचं ते मोजा. माझं माप एका नावानं चुकलं. धाकट्या काकांचं अर्धं नाव आत्याच्या मालकांच्या आडनावाला चिकटलं आणि आमच्या कुळात कधी जन्मलाच नाही असा एक नवा पाहुणा स्वागतोत्सुकात उभा राहिला. पप्पांनी फाईल वाचून मला गंभीरपणे विचारलं, "हे तिकडचे पाहुणे का?"

"लिस्ट घे की," लातूरचा म्हणाला. "एकेक नाव सुटं ठेव, पाहिजे तिथं घाल, शेवटी एकदाच जोडून फाईल लिही. सगळं जग असंच करतंय."

"आणि कोण कितव्या नंबरवर, ते कोण ठरवणार?"

"तू."

"मग मशीन कशाला पाहिजे? मी ठरवलं तर शिव्या मलाच बसतील."

"मग खा शिव्या. मी आहे ना संगं."

लग्नाआधी माणूस किती गोड बोलतो. मी त्याचं ऐकलं नाही, कारण तो बरोबर होता आणि ते त्याच्या तोंडावर दिसत होतं.

मला न्याय पाहिजे होता, तोही माझा हात न लागता. मग मला एक नामी युक्ती सुचली. क्रमांक द्यायचेच नाहीत. प्रत्येकानं फक्त एवढंच सांगायचं की मी कोणाच्या आधी येतो. प्रत्येक नाव पुढच्या नावाचा हात धरून उभं राहील, साखळी होईल, प्रोग्राम एका टोकाला लागून दुसऱ्या टोकापर्यंत चालत जाईल आणि भेटेल ते नाव फाईलमध्ये लिहीत सुटेल. याला लिंक्ड लिस्ट म्हणतात आणि कॉलेजात मला यात पैकीच्या पैकी होते.

मी भावकीच्या ग्रुपवर प्रश्न टाकला. आत्याचे मालक म्हणाले, आम्ही धाकट्या काकांच्या आधी. धाकटे काका म्हणाले, मी धर्माबादच्या काकांच्या आधी. धर्माबादच्या काकांचा मिरचीचा व्यापार आहे, ते मोजकं बोलतात. ते म्हणाले, "आत्याच्या मालकाच्या आदी." मी तिन्ही उत्तरं इमानदारीनं भरली आणि प्रोग्राम सुरू करून चहाला गेले. परत आले तर लॅपटॉपचा पंखा गिरणीसारखा घुमत होता आणि फाईल फुगतच चालली होती. साखळीला टोकच नव्हतं. उघडून पाहिलं तर आत्याचे मालक, धाकटे काका, धर्माबादचे काका, पुन्हा आत्याचे मालक, पुन्हा धाकटे काका, पानामागून पानं. तिघंही सगळ्यांच्या वर होते. तशी पत्रिका छापली असती तर त्या तिघांनी माझं लग्न डोक्यावर घेतलं असतं.

लातूरच्यानं हसून हसून डोळे पुसले. मला इतका राग आला की मी दुपारचा डबा एकटीनं खाल्ला.

डबा खाताना सुचलं. वय! थोरला वर, धाकटा खाली. याला कोण नाही म्हणणार? मी सगळ्यांना आधारवरची जन्मतारीख मागितली. आणि ठेवायला घेतली डिक्शनरी. ही म्हणजे भिंतीवरच्या खुंट्या समजा. प्रत्येक खुंटीवर एक चिठ्ठी, चिठ्ठी वाचून हात घातला की तिथली वस्तू मिळते. मी खुंटीवर जन्मतारीख चिकटवली आणि तिच्यावर माणसाचं नाव टांगलं. सगळ्या तारखा ओळीनं लावल्या की माणसं आपोआप ओळीनं लागतील. या डिक्शनरीची एकच खोड आहे. एका खुंटीवर दुसरा सदरा टांगायला गेलात तर ती पहिला खाली टाकून देते. विचारत नाही, ओरडत नाही, काही नाही.

ही खोड मला पाठ होती. दुसरी गोष्टही मला पाठ होती, ती म्हणजे आमच्या अख्ख्या वडीलधाऱ्या पिढीचा वाढदिवस एक जूनला येतो. खरा जन्म कोणाला माहीत होता? गावात गुरुजी आले, गल्लीतली पोरं गोळा केली, शाळा जूनमध्ये भरते म्हणून सगळ्यांची तारीख एक जून टाकली आणि वर्षही एकाच अंदाजानं लिहून मोकळे झाले. दर एक जूनला भावकीच्या ग्रुपवर एवढ्या केकांचे फोटो येतात की कोणी कोणाला शुभेच्छा दिल्या याचा पत्ता लागत नाही. मीही दरवर्षी 'सर्वांना' असं लिहून टाकते. या दोन्ही गोष्टी माझ्या एकाच डोक्यात होत्या आणि त्यांची एकमेकींशी ओळख नव्हती.

त्यात आमची रीत. पंगत असो की काही असो, घरच्यांनी शेवटी. मी निमंत्रकांची नावं भरताना आधी सगळ्या काकांना मान दिला, मोठ्या बाबांना तर पहिलं घेतलं, आणि पप्पांना अगदी शेवटी टांगलं. एका खुंटीवर एकेक जण चढत गेला आणि आधीचा खाली पडत गेला. फाईल तयार झाली ती काय सुरेख! नांदेड जिल्ह्यात इतकी सुटसुटीत पत्रिका झाली नसेल. मी तिच्याकडे बघितलं ते आपण केलेल्या पोळीकडे बघतो तसं, फुगलीय की नाही एवढंच. आणि कौतुकानं ग्रुपवर टाकली.

वर 'मंगल परिणय'. खाली आमची नावं. त्याखाली 'निमंत्रक'. आणि निमंत्रकात एकटे पप्पा.

एका दुपारात माझ्या बापानं स्वतःची अख्खी पिढी कापून काढली होती.

त्या दुपारी पप्पांना इतके फोन आले की शेवटी फोन आईनं धान्याच्या डब्यात ठेवला. धाकटे काका म्हणाले, "दादा, नोकरीत असताना बी तुमी असंच करत होताव का?" धर्माबादच्या काकांनी फक्त अंगठ्याचं चित्र पाठवलं, ते खाली वळलेलं. आत्याच्या मालकांनी विचारलं की कार्यालयात जनरेटर कोणत्या बाजूला आहे. मी ग्रुपवर लिहिलं, चूक मशीनची आहे. पुन्हा लिहिलं, चूक माझी आहे. कोणीही मानायला तयार नव्हतं. मशीनला काय पडलंय आमच्या भावकीचं, पप्पांनीच सांगितलं असणार, असं सर्वांचं ठरलं. म्हणजे ज्या भांडणातून त्यांना वाचवायला मी एवढा खटाटोप केला ते भांडण मी त्यांना घरपोच दिलं होतं.

या सगळ्या आरडाओरड्यात मोठ्या बाबांचं काहीच आलं नाही. रोज सकाळी त्यांचा आवाजी निरोप यायचा, "जय भीम, समदे बरे हाव ना?" तो दुसऱ्या दिवशी आला नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. पप्पांनी फोन केला तर वाजून बंद झाला. पप्पा मला एवढंच म्हणाले, "बाकीचे भांडतेत म्हंजी येतेत. थोरला दादा बोलला न्हाई म्हंजी येत न्हाई."

रविवारी मी लातूरहून लोह्याला उतरले, तिथून कंधार, तिथून गावाकडची जीप. वाटेत प्रेसवाल्या भाऊंचा फोन आला, "ताई, फाईल कदी देताव? कागद येऊन पडलाय." मी म्हटलं, "भाऊ, निमंत्रकच बोलत नाहीत." ते म्हणाले, "हाव, हे नेहमीचंच," आणि फोन ठेवला.

मोठे बाबा खळ्यावर हरभऱ्याच्या राशीपाशी होते. केसात भुसा, अंगात बंडी. मला बघून उठले, पण नेहमीसारखे हसले नाहीत. मोठी आई चहा घेऊन आली आणि बसायच्या आधीच तिनं तक्रार केली. "बरं झालं आलीस बाई. दोन दिस झालं, मोबाईल घेऊन बसलेत. खाली-वर, खाली-वर. मी म्हनलं काय हुडकायलाव, तर बोलत बी न्हाईत."

"मोठे बाबा, रागावलात माझ्यावर?"

"रागवाया मी कोन? यादीतच न्हाई म्हनल्यावर."

मी त्यांना सगळं सांगितलं. खुंट्या, सदरे, एक जून, पप्पांना शेवटी टांगलं ते. मधे मधे माझा आवाज चढत होता, कारण रडू येत असलं की मी भांडल्यासारखी बोलते. ते हरभऱ्यातले खडे वेचत ऐकत होते.

"म्हंजी माज्या जागी तुजा बाप आला," ते म्हणाले.

"तारीख एकच आहे ना तुमची. कागदावर तुम्ही जुळे आहात."

आता ते हसले. "जुळे कशाचे. म्या चांगला चार-पाच वर्सानं थोरला हाय. म्या शेरडं राखत होतो. तुजा बाप शाळंत जायचा न्हाई, दारात लोळून रडायचा, एकला जात न्हाई म्हनून. मंग आमची माय म्हनली, तू बी जा ह्याच्या संगं. गुरुजीनं दोघाला एकाच दिशी बसिवलं, एकच तारीख टाकली. थोडे महिने बसलो. तुज्या बापाला सवय झाली, दोस्त झाले, मंग म्या उठून आलो. शेरडं कोन राखनार?"

पप्पांनी ही गोष्ट मला कधी सांगितली नव्हती. त्यांना आठवत तरी असेल की नाही कोण जाणे.

"मोठे बाबा, मी तुमचं नाव सगळ्यात वर घेते," मी म्हणाले. "प्रोग्राम गेला खड्ड्यात. पहिली ओळ तुमची. मान तुमचाच आहे."

"मान कशाला गं?" ते म्हणाले. "वर असलं म्हंजी लवकर गावतं."

"काय गावतं?"

"नाव." त्यांनी हातातले खडे बाजूला टाकले. "मला तेवढंच येतंय वाचाया. तेवढ्या महिन्यात माजं नाव शिकलो, पुढं काय शिकलो न्हाई. पत्रिका आली की चारचौघात हातात देतेत. वर असलं की म्या लगीच बोट ठिवतो, हे बगा. मधल्या गर्दीत असलं की हुडकू हुडकू बेजार, आन् लोक तोंडाकडं बगून राहतेत. म्हनून म्हनतो, वर घ्या."

मी राशीत हात घालून खडे वेचायला घेतले.

"आन् हे तुजं मोबाईलवर आलं, तर वरून खालपत्तोर धा वेळा बगितलं. न्हाई गावलं. म्हनलं नजर गेली काय आपली. पोरीच्या पत्रिकेत आपलं नाव न्हाई, असं कसं हुईल? मंग तुज्या आत्याचा फोन आला तव्हा कळलं, खरंच न्हाई." ते पुन्हा हरभऱ्याकडं वळले. "वाईट वाटलं मला. खोटं कामून बोलू."

सगळी भावकी इतकी वर्षं या माणसाला मानाचा भुकेला म्हणत आली होती. मी खळ्यावर बसून मोठ्यानं रडले. मोठी आई धावत आली आणि मला काही विचारायच्या आधी त्यांनाच रागावली, "काय बोललाव पोरीला?"

लातूरला परत जाऊन मी फाईल नव्यानं केली. खुंटी जन्मतारखेचीच ठेवली, पण प्रत्येक खुंटीवर आता एकेक नाव न टांगता एकेक लिस्ट टांगली, त्या तारखेची जेवढी माणसं असतील तेवढी सगळी एका ओळीत. एक जूनची ओळ इतकी लांब झाली की प्रेसवाल्या भाऊंना ती तीनदा मोडावी लागली. आत्याच्या मालकांनी विचारलं, या ओळीत वरचा कोण? मी सांगितलं, ओळीत वर-खाली नसतं. त्यांनी यावर बराच विचार केला आणि मग डावीकडचा मोठा की उजवीकडचा, असा फोन केला. तो फोन लातूरच्यानं घेतला. काय बोलला ते मला अजून माहीत नाही, पण ते लग्नात पोटभर जेवले.

सगळ्यात वरची ओळ मात्र प्रोग्रामनं लावली नाही. तिथे मी सरळ दोन नावं हातानं लिहिली, आधी मोठे बाबा, शेजारी पप्पा. लातूरच्यानं माझ्या खांद्यावरून वाचलं. म्हणाला, "एवढं सगळं केलंस ते हातानं लिहावं लागू नये म्हणून ना?"

मी म्हटलं, "हो. आता तू शिव्या खायला माझ्यासंगं आहेस की नाही, तेवढं सांग."

शिव्या बसल्याच नाहीत. मोठ्या बाबांचं नाव वर असायची भावकीला सवय होती.

कार्डं छापून आली तेव्हा पप्पा स्वतः पहिल्या गाडीनं गावाकडे गेले. त्या खळ्यावर दोघा भावांचं काय बोलणं झालं ते दोघांनीही सांगितलं नाही. मोठ्या बाबांचा सकाळचा निरोप मात्र दुसऱ्या दिवसापासून सुरू झाला.

लग्नाच्या दिवशी मोठे बाबा सगळ्यांच्या आधी आले. पांढरं धोतर, नवा सदरा, आणि खिशात घडी न पडू देता जपलेली पत्रिका. दारातच उभे राहिले. येईल त्या पाहुण्याला थांबवून पत्रिका उघडायचे, बोट ठेवायचे. "हे माजं. आन् ह्याच्या बाजूला हाय ते माज्या भावाचं." दुसरं नाव त्यांना पप्पांनी शिकवलं होतं. पाहुण्यांच्या खिशात तीच पत्रिका असायची, तरी ते कौतुकानं वाकून बघायचे.

वंदनेला थोडा वेळ होता. मी आतल्या खोलीत पांढऱ्या साडीत बसले होते, मैत्रिणी केसात गजरा खोचत होत्या. मोठे बाबा दारात आले, बायका आहेत म्हणून उंबऱ्यापाशीच थांबले आणि मला खुणेनं बोलावलं. मी गेले. त्यांनी पत्रिका उघडून माझ्यापुढं धरली.

"ह्यात तुजं कंचं हाय?"

माझं नाव अगदी मध्यभागी होतं, सोनेरी रंगात, पत्रिकेतल्या सगळ्या अक्षरांहून मोठं. मी त्यांचं बोट धरून त्यावर ठेवलं. त्यांनी ते पहिल्या अक्षरापासून शेवटच्या अक्षरापर्यंत हळूहळू फिरवलं, मग पुन्हा एकदा फिरवलं.

"बग की," ते म्हणाले. "एवढं मोठं लिवलंय, आन् म्या आपला माजंच हुडकत बसलो."